छातीचा फोटू

आमच्या घरात मी आणि माझे भासरे एकमेकांशी गाईमार्फत बोलत होतो.

हसू नका. भासरे म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. घरची रीत अशी की धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, त्यांच्या पुढून चालायचं नाही आणि त्यांच्याशी तोंडानं बोलायचं तर मुळीच नाही. ते ओसरीवर आले की आपण दाराआड. मग एका छपराखाली राहून काम कसं चालायचं? तर आमच्याकडं चांदी होती. चांदी ही गाय. भासऱ्यांना जेवायला बोलवायचं असलं की मी कोठ्याकडं, म्हणजे गोठ्याकडं, तोंड करून म्हणायची, "चांदे, भात निवून राहिला." तिकडून भासरे म्हणायचे, "चांदे, हात धुऊन येतो म्हना." गाय आपली रवंथ करत उभी. अशी चार वर्षं गेली आणि कोणाचं काही अडलं नाही, हेही खरं सांगते.

मी कुडव्याची. कुडवा म्हणजे जवळजवळ गोंदियाच. तिथं पोरी स्कूटी चालवतात आणि पेट्रोलपंपावर सुट्ट्यासाठी भांडतात. लग्न होऊन बिरसीच्या पलीकडं या गावात आली, तेव्हा ही रीत मला फार जड गेली. मला बोलल्याशिवाय जमत नाही, आणि बोलणं सुरू झालं की आवाज चढतो. आई म्हणायची, हिच्या गळ्यात भोंगा बसवून पाठवलं देवानं. नवरा, हेमेंद्र, कोहमाऱ्याला टायरच्या दुकानात कामाला. सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. जाऊबाई भूमेश्वरी इतक्या गरीब स्वभावाच्या की शेजारणीनं वाटी नेली तर परत मागायला लाजतात. मग मी बोलायचं कोणाशी?

शाळेत बोलायची. आमच्या बचत गटाकडं शाळेच्या पोषण आहाराचं काम आलं आणि खिचडीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, माझ्या हाती आला. शाळेच्या त्या स्वयंपाकखोलीत डोक्यावरचा पदर कमरेला खोचला की मी पुन्हा कुडव्याची रिंकी. तांदळात खडे निघाले की मुख्याध्यापकांना सुनवायची, लाकडं ओली आली की आणणाऱ्याला सुनवायची. वरून बिरसीच्या विमानशाळेचं शिकाऊ विमान घिरट्या घालायचं आणि पहिलीची पोरं ताट सोडून वर बघत बसायची. त्यांनाही सुनवायची. पण दुसऱ्यांदा वाढताना हात कधी आखडता घेतला नाही. जाऊबाईंच्या दोन्ही पोरी त्याच पंगतीत बसायच्या. दिवसाचा तेवढा भाग माझा होता, आणि त्याच्या जोरावर मी बाकीचा दिवस दाराआड काढत होती.

आता गाडीचं सांगते. दोन हजार अठरा साल. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला होता, पोती घरात आली होती, लोक मोकळे होते. तेव्हा टीबी शोधायला एक्सरेची गाडी गावात आली. आमच्याकडं एक्सरेला छातीचा फोटूच म्हणतात. आरोग्यखात्याच्या आशाताई वच्छला घरोघर सांगून गेल्या, "सगळ्यांनी या. अन् रिंकी, तू तं येच. पोरायचं जेवण तुह्या हाताचं आहे."

ग्रामपंचायतीपुढं गाडी उभी. बाहेर टेबलाशी एक मुलगी बसून नाव लिहायची आणि नंबराची चिठ्ठी द्यायची. आत एक चष्मेवाला जवान पोरगा नंबर पुकारायचा आणि फोटू काढायचा. गंमत म्हणजे फोटू धुवायला जायचा नाही की कोण्या डॉक्टरकडं जायचा नाही. तिथल्या तिथं पडद्यावर यायचा, मिनिटभरात कॉम्प्युटर तो वाचायचा, आणि कुठं शंका आली की तेवढ्या जागेवर लाल रंग चढायचा. काही नसलं तर हिरवी खूण. ते बघायला अर्धं गाव दाराशी जमलेलं. त्या जवानानं सगळ्यांना हाकलून पडदा आतल्या बाजूला वळवला, तरी शालीकराम आजोबा पायरीवरून हलले नाहीत.

"डाक्टर कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर गोंदियाला. इथं मशीनच वाचते."

"मशीन कोन्या कालेजात शिकली?"

तो जवान चांगला होता, चिडला नाही. म्हणाला, "कॉलेजात नाही, आजोबा. लाखो फोटो दाखवलेत तिला. टीबी असलेले, नसलेले. पाहून पाहून शिकली. पण ती फक्त संशय घेते. खरं काय ते खोकून काढलेला खकार तपासून आणि डॉक्टरांनी पाहूनच ठरते."

"संशय घ्याले तं माह्या घरी बायकोबी आहे," आजोबा म्हणाले आणि सगळी रांग हसली.

मला मात्र त्या मशीनचं पटलं. खिचडीत मीठ किती घालायचं हे मला कोणी शिकवलं नाही. गंजामागून गंज उतरवत गेली आणि हाताला कळायला लागलं. तिचंही तसंच असणार.

मी रांगेत उभी होती तर मागं खोकला ऐकू आला. ओळखीचा. भासरे शेतातून थेट येऊन माझ्याच मागं उभे राहिले होते. झालं. मी पदर नाकापर्यंत ओढला. त्यांच्याकडं पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही, तोंड करून तर त्याहून नाही, म्हणून तिरपी उभी राहिली. तेवढ्यात आतून पुकारा आला, "एक्केचाळीस."

एक्केचाळीस माझी चिठ्ठी. पण गाडीचा दरवाजा उघडा, पायऱ्या लोखंडी आणि उंच. आत आधी फोटू काढून घेत असलेल्या बाईला मी पाहिलं होतं. हात कमरेवर, खांदे पुढं, छाती पाटीला टेकवून ताठ उभं राहायचं. भासऱ्यांच्या डोळ्यादेखत मी हे करू? मी बाजूला सरली. भासऱ्यांना त्यात नवल काय वाटणार? घरात, वाटेवर, विहिरीवर मी त्यांच्यासाठी बाजूलाच सरते. ते चढले, फोटू काढून उतरले आणि घराकडं निघून गेले. मग "बेचाळीस" आलं, तशी मी वर चढली. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही दाखवली नाही. मनात फक्त एवढंच होतं की गंज चुलीवर आहे.

दिवस मावळताना वच्छलाताई घरी आल्या. त्यांचा चेहरा बघूनच जाऊबाई पाण्याचा गिलास घेऊन आल्या.

"रिंकी, तुह्या फोटूले लाल आलं. उजव्या बाजूले, वर."

मी म्हटलं, "माह्या? मले तं साधी सर्दी नाही."

"मशीन सांगते. घाबरू नोको, सध्या संशयच आहे. खकार देऊन टाक."

"अन् बाकीच्यायचं?"

"बाकी घर साफ. तुहे भासरेबी साफ."

ओसरीवर भासरे बसले होते. ते लगेच कोठ्याकडं वळून म्हणाले, "पाह्य चांदे. बिडी पिते त्याची छाती साफ." आणि खोकत खोकत बाहेर पडले. त्या रात्री चावडीवर त्यांनी हे चार जणांना तरी सांगितलं असणार.

मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर ते कळत नव्हतं म्हणून तो भांड्यांवर निघाला. दुसऱ्या दिवशी शाळेत गेली तर मुख्याध्यापक दाराशीच थांबले होते. वाईट माणूस नाही. म्हणाले, "रिंकीबाई, पोरांचा प्रश्न आहे. तुमचं पक्कं कळेपर्यंत देवकाबाईंच्या गटाला सांगितलं आहे. महिना संपला की समिती बसेल, तोवर तुमचं साफ आलं तर गंज तुमचा. नाही आलं तर मग पुढंही त्याच करतील." मी त्यांना सुनवायला तोंड उघडलं. पण त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तसंच मिटलं. आयुष्यात असं मला फार वेळा करावं लागलेलं नाही.

खकाराचा रिपोर्ट आला. त्यात काहीच निघालं नाही. मी नाचायचीच बाकी होती. पण वच्छलाताई म्हणाल्या, खकार साफ आणि फोटूत डाग, हे जुळून नाही राहिलं, गोंदियाच्या मोठ्या मॅडमनी पाहिल्याशिवाय कोणी सही करणार नाही. आणि मॅडम तर सुट्टीवर. म्हणजे पुन्हा घरी, पुन्हा दाराआड, तेही आता पूर्ण दिवस. जाऊबाईंच्या पोरी दुपारी येऊन सांगायच्या, "काकू, देवकाबाईची खिचडी टाळूले चिकटते." ऐकून आधी बरं वाटायचं. मग वाटायचं, लेकरं उपाशी राहिली असतील, आणि बरं वाटल्याचाच राग यायचा.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. फोटूला लाल आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी भासरे चांदीचं दूध काढून उठले आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चांदे, हे दूध कोनी चहात घालाचं नाही. लहान सुनेले द्याचं. सगळं." तेव्हापासून ते स्वतः काळा चहा पिऊ लागले. दुधाच्या चहाशिवाय ज्यांची सकाळ होत नाही ते भासरे, ओसरीवर बसून तो कडू काढा घोट घोट घ्यायचे आणि खोकायचे. मी दाराआडून बघायची. दूध मला आवडत नाही, पण मुकाट्यानं पित होती.

शेवटी मॅडम आल्याचं कळलं. हेमेंद्रनं दुकानातून सुट्टी घेतली आणि मोटरसायकलवर आम्ही गोंदियाला गेलो.

डॉक्टर हर्षा मॅडम माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. अंधाऱ्या खोलीत दोन पडदे लावून बसल्या होत्या. गाडीतून आलेले गावोगावचे फोटू आधी मशीन वाचते, आणि लाल आलेले सगळे त्यांच्याकडं येतात, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी ढिगातून एकेक काढून पाहावा लागायचा, त्यात लोकांचे आठवडे जायचे. आता ज्याला घाई आहे तो आधी वर येतो. त्यांनी माझा नंबर टाकला. पडद्यावर छाती उमटली. उजवीकडं वर लाल ढग.

"मशीननं बरोबर धरलंय. हा डाग आहेच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लाल रंग काढून नुसता फोटू मोठा केला आणि जवळ सरकून बघायला लागल्या. "तुझी बरगडी कधी मोडली होती?"

"माही? कधीच नाही, मॅडम."

"ही बघ. जुनी मोडलेली आहे, वाकडी जुळलीय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना हसू आलं. "रिंकी, हा फोटो बाईचा नाहीच. बाईच्या छातीची सावली फोटोत दिसते, यात नाही. हा कोणी बऱ्यापैकी उंच पुरुष आहे."

"मग मशीनले कसं नाही कळलं?" हेमेंद्र म्हणाला.

"तिला फुप्फुसातले डाग शोधायला शिकवलंय, ते काम तिनं केलं. फोटो कोणाचा, हे आपण तिला सांगायचं असतं. ते कुठंतरी चुकलं. रांगेत तुझ्या पुढंमागं कोण होतं?"

मी आठवून सांगायच्या आत त्यांनी तिथंच माझा नवीन फोटू काढला. मशीननं वाचला, हिरवी खूण. मॅडमनी वाचला, साफ. त्यांनी माझ्यासमोर मुख्याध्यापकांना फोन लावला. "उद्यापासून गंज तुझा," असं त्या फोन ठेवून म्हणाल्या आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत इतकी जोरात हसली की बाहेरची बाई डोकावून गेली. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. मग हेमेंद्रकडं बघितलं. तो हसत नव्हता.

"दादाची बरगडी," तो म्हणाला. "मी लहान होतो. आंब्यावर चढलो अन् उतरता येईना. मले उतरवाले दादा चढला. मी उतरलो, तो पडला."

माझं हसू तिथंच विरलं. एक्केचाळीस, बेचाळीस, सगळं डोळ्यांपुढं आलं. तो खोकला, ढगळ झालेला सदरा, काळा चहा. ज्याला दूध हवं होतं तो माणूस मला दूध पाजत होता.

मॅडम म्हणाल्या, "घाबरू नका. लवकर सापडलंय. सहा महिने गोळ्या घेतल्या की बरा होतो हा आजार. त्यांना घेऊन या, एवढंच." बेचाळीस नंबरवर माझा फोटू पडला होता, तोही त्यांनी काढून पाहिला आणि नावं दुरुस्त केली.

घेऊन या, म्हणे. सांगणं सोपं. जेवताना हेमेंद्रनं विषय काढला तर भासरे म्हणाले, "मले मशीननं पास केलं. एकदा सांगतलं ना." आणि पाटावरून उठले. हेमेंद्रची हिंमत एवढीच. ज्या भावानं झाडावरून उतरवलं त्याच्यापुढं त्याचा आवाज अजून चढत नाही. जाऊबाई रात्री म्हणाल्या, "माहं कधी आयकलं का त्यायनं?" आणि डोळे पुसत बसल्या.

सकाळी भासरे चांदीला चारा घालत होते. मी दाराआड उभी राहिली. पदर होता. तोंड गाईकडं होतं. सगळं रीतीनंच.

"चांदे, मालकाले सांग, गोंदियाले जाऊन फोटू काढाचा आहे."

"चांदे, हिले सांग, माहा फोटू निघाला. हिरवा आहे."

"चांदे, हिरवा माहा होता. लाल तुह्या मालकाचा होता. अदलाबदल झाली."

भासरे चाऱ्याची पेंढी झटकत म्हणाले, "चांदे, मशीननं चुकी केली तं ती माह्या माथी कायले?" आणि खोकला आला. चांगला लांब खोकला. तो थांबेपर्यंत गाईनंही मान वळवून पाहिलं.

माझं डोकं फिरलं. मी दाराआडून बाहेर आली, अंगण ओलांडलं आणि कोठ्यात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर कुठं होता मला माहीत नाही. बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, या माणसाला हाक काय मारायची हेच मला माहीत नाही. चार वर्षांत गरजच पडली नव्हती. मग नवरा जे म्हणतो तेच म्हटलं.

"दादा, मशीन चुकली नाही. तिनं तुमचा डाग बरोबर पाह्यला. नंबर माहा पुकारला होता. मी तुमच्यासाठी बाजूले सरली अन् तुम्ही वर गेले. तुमचा आजार माह्या नावावर गेला अन् तुमच्या तोंडचं दूध काढून मले देलं तुम्ही. मॅडमनं तुमची आंब्यावरची बरगडी पाह्यली त्या फोटूत. आता कोनाले सांगू मी हे? गाईले? गाय तुमाले गोंदियाले नेणार आहे का?"

जाऊबाई चुलीजवळून उठून दारात आल्या होत्या. भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. खाली मान घालून ते चाऱ्याची काडी बोटांत मोडत राहिले, मग खांद्यावर पंचा टाकून शेतात निघून गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत. जाऊबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुले भेव नाही वाटलं?" वाटलं तर होतंच. पण गोळी घशात अडकून राहण्यापेक्षा थुंकून टाकलेली बरी, तसं काहीसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी अंगण झाडायला बाहेर आली. बघते तर भासरे आंघोळ करून, लग्नासमारंभाचा पांढरा सदरा घालून कोठ्यापाशी उभे. मला पाहून ते चांदीकडं वळले.

"चांदे, विचार हिले, मोठी मॅडम किती वाजता येते."

मी झाडू तिथंच टाकला आणि हेमेंद्रला उठवायला आत पळाली.

खकारात टीबी निघाला. मॅडम म्हणाल्या तसंच, लवकर सापडला होता. सगळ्या घराची तपासणी झाली, पोरींचीही, आणि बाकी सगळे खरंच साफ निघाले. चांदीचं दूध पुन्हा ओसरीवर जाऊ लागलं. भासऱ्यांची बिडी मॅडमनी बंद केली, आणि मॅडमसमोर त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. शिकलेल्या बाईशी बोलताना मधे गाय लागत नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

मग प्रश्न आला गोळ्यांचा. वच्छलाताई गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घरातल्या एकानं जबाबदारी घ्यायची. रोज गोळी डोळ्यांसमोर गिळलेली पाहायची. हातात देऊन निघून जायचं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "माह्यासमोर ते खिशात टाकतीन, मी काहीच म्हननार नाही." हेमेंद्र तर पहाटे कोहमाऱ्याला. सगळ्यांची नजर माझ्याकडं वळली.

तेव्हापासून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी भासऱ्यांसमोर गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहू लागली. पहिल्या दिवशी ते भिंतीकडं वळून गिळायला गेले.

"दादा, इकडं पाहून. वच्छलाताईनं डोळ्यासमोर म्हटलं."

ते वळले. एकेक करून सगळ्या गोळ्या गिळल्या. मग कोठ्याकडं बघून म्हणाले, "चांदे, ही तं मास्तरीन आहे."

मी सरळ बोलायची, ते गाईशी बोलायचे. असंच चाललं. मी म्हणायची, "दादा, पोटात जळजळते का?" ते म्हणायचे, "चांदे, थोडी जळजळते." कधी मी घाईत असली आणि तांब्या ठेवून निघाली, की मागून आवाज यायचा, "चांदे, अजून एक गोळी राहिली, मास्तरीन चालली." मला हसू यायचं. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या गालांवर मांस चढलं, सदरा अंगाला बसू लागला. सहा महिन्यांनी खकार साफ आला. मॅडमनी नवा फोटू मशीनला दाखवला. लाल रंग चढला नाही. फोटूत फक्त ती वाकडी बरगडी होती, आणि तिच्याबद्दल मशीनला काही म्हणायचं नव्हतं.

गंज तर माझ्याकडं दुसऱ्याच दिवसापासून होता. देवकाबाईंना मी मटकी भिजवायला सोबत घेतलं. बाई मनानं चांगली आहे. खिचडी अजून तिच्या हाती देत नाही.

पुढच्या थंडीत, चुरणा आटोपल्यावर, तीच गाडी पुन्हा आली. तोच चष्मेवाला जवान. शालीकराम आजोबा पुन्हा पायरीवर. मी रांगेत उभी होती आणि मागं कोणी येऊन थांबलं. या वेळी खोकला नव्हता, पण चपलांच्या आवाजावरून कळलं. भासरे होते. त्यांच्या मागं जाऊबाई, हेमेंद्र, सगळं घर.

आतून माझा नंबर पुकारला. आणि सवय पहा. मी आधीच बाजूला सरली होती. पाय आपोआप मागं गेला, पदर आपोआप पुढं आला, आणि रांगेत माझ्या जागी मोकळी वाट झाली.

भासरे जागचे हलले नाहीत.

"रिंकी," ते म्हणाले.

आजूबाजूला गाय नव्हती. सगळं गाव होतं. चार लोकांनी मान वळवली, जाऊबाईंनी तोंडावर हात ठेवला. चार वर्षं आणि वर एक वर्ष, माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"जाय ना समोर," ते म्हणाले. "नंबर तुहा आहे."

मी गेली. लोखंडी पायऱ्या चढली, हात कमरेवर ठेवले, खांदे पुढं केले, छाती पाटीला टेकवली. तो जवान म्हणाला, श्वास रोखा. श्वास रोखला, पण हसू काही रोखता येईना. फोटू हलला आणि त्याला दुसरा काढावा लागला.